शाब्बास न म्हणणाऱ्या द्वारकाताई

गेल्या तान्ह्या पोळ्याला तुमच्या गल्लीत पहिलं बक्षीस कोणाच्या मुलाला मिळालं, ते तुम्ही चटकन सांगाल. पण ज्यांना मिळालं नाही, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगता येईल का तुम्हाला?

मी हा प्रश्न बऱ्याच सभ्य माणसांना विचारला आहे. उत्तर कोणाकडेच नसतं. ज्यांच्याकडे ते नेहमी असायचं, अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे. अमरावतीच्या द्वारकाताई चिमोटे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, ओळीनं उभे करतात आणि मग दारोदार नेतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर खाऊ ठेवते. त्या खाऊला बोजारा म्हणतात. हल्ली श्रीमंतांच्या अंगणात ओळीतला सर्वांत देखणा बैल निवडून बक्षीस देण्याची पद्धत पडली आहे. लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. द्वारकाताईंना वाटलं, आणि त्यापायी त्यांनी आपलं बालमंदिर पणाला लावलं.

मी कॉलेजसाठी अमरावतीला मामांकडे राहत होतो. मामांच्या घरामागे आबासाहेबांची जीन होती, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. जीनच्या आवारात एक गळकं गुदाम रिकामं पडलं होतं. आबासाहेबांनी ते भाडं न घेता ताईंना दिलं होतं. त्यात अडीच ते सहा वर्षांची मुलं असत. काही वकील-डॉक्टरांची होती. पण बरीचशी जीनमध्ये कापूस निवडणाऱ्या मजूर बायांची. बालमंदिर नसतं, तर ती मुलं यंत्राशेजारी, उडणाऱ्या कापसाच्या धुळीत दिवस काढत बसली असती.

ताई चांदूर बाजारकडच्या. घरचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, झेंडू, सगळं बाजारात स्वतः विकणारं घर. अंगानं उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळावं. पण गुदामाच्या दारात पाऊल टाकलं की तो आवाज मांजराच्या पावलासारखा मऊ होई. मुलांशी त्या गुडघे टेकून बोलत, त्यामुळे त्यांच्या लुगड्यावर गुडघ्यांच्या जागी धुळीचे दोन गोल कायमचे. मोठ्यांशी बोलताना मात्र त्या कोणापुढेही वाकल्या नाहीत.

आणि त्या कोणाला शाब्बास म्हणत नसत. मूल चित्र घेऊन धावत येई, ‘ताई, पाय!’ म्हणजे, पाहा. ताई ते चित्र निवांत पाहत आणि विचारत, ‘तुले कसं वाटते?’

एकदा एका वकिलाच्या बायकोला हे सहन झालं नाही. मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा झग्याच्या गुंड्या आपल्या हातानं लावल्या होत्या.

‘अवो ताई, एवढं केलं तिनं! शाब्बास म्हनालं तं तुमचं काय जाते?’

‘माय, तिचं तोंड पाय,’ ताई म्हणाल्या. ‘तिले माह्या शाब्बासकीची भूक लागलेली दिसते का तुले?’

मुलगी सगळ्या गुंड्या काढून पुन्हा लावत बसली होती. आईकडे तिचं लक्षही नव्हतं.

ताई नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, शिकल्या, काही वर्षं मास्तरीण झाल्या आणि छडीला कंटाळून गुजरातेत बालशिक्षणाचं शिक्षण घ्यायला गेल्या. परदेशातल्या एका डॉक्टर बाईंचा विचार तिथे पोचलेला होता. तो डोक्यात भरून त्या परत आल्या. येताना एक चूकही घेऊन आल्या. मुलाच्या उंचीची खुर्ची आणि मुलाच्या उंचीचं टेबल, असं शिकून आल्यामुळे त्यांनी अकोल्याच्या सुताराकडून छोट्या खुर्च्या करवून घेतल्या. पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्या खुर्च्या पालथ्या घातल्या, पुढे दोऱ्या बांधल्या, दोघं दोघं बैल झाले आणि गुदामात बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली. एक बंडी सरकी घेऊन निघाली, एक बाजाराला, एक कोणाच्या तरी मामाच्या गावाला.

नेमके त्याच वेळी शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. माणूस पुण्याकडचा, कोट घातलेला.

‘बाई, हे काय चाललंय?’

‘सायब, आज बाजाराचा दिवस हाये. बाजूले सरा, बंडी येऊन राहिली.’

पुढे ही गोष्ट ताई स्वतःच रंगवून सांगत. ‘खुर्ची पोट्ट्याच्या मापाची पायजे, हे शिकून आली. पण आमचं पोट्टं घरी खुर्चीवर बसते तरी कधी, हे पाहाचं राहूनच गेलं! पुस्तकात चूक नव्हती. म्या पुस्तक पायलं अन् पोट्टं नाई पायलं.’ मग खुर्च्या बंड्याच राहिल्या आणि बसायला चटया आल्या.

त्याच भेटीत डिप्टीसाहेबांनी जाताना उपदेश केला. ‘बाई, मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा. आपण कुंभार. हवं तसं मडकं घडवावं.’

‘कोणत्या मातीचा, सायब?’

‘म्हणजे?’

‘तुमच्याकडची असन तांबडी. आमची काळी हाये. ओली असली तं पाय सोडत नाई, अन् वाळली तं हात जाईन एवढी भेग पडते. तिचं मडकं वाळता वाळता तडकते. मंग कुंभारानं मातीले छडी मारावं काय?’

डिप्टीसाहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी कोट दाराशी काढून ठेवला आणि चटईवर बसले, एवढं पाहिलं.

मला यातून एक गोष्ट कळली, आणि ती मी ओरडून सांगायला तयार आहे. मुलाविषयीचा सिद्धांत ही विद्वानांची करमणूक नाही. मूल म्हणजे काय, याचं तुम्ही जे उत्तर देता, तीच तुमची शाळा. मूल कोरी पाटी आहे म्हणा. लगेच पाटीवर लिहिणारा हात येतो आणि मागोमाग त्या हातात छडी येते. मूल रोपटं आहे म्हणा. शाळा हिरवीगार होते, गाणी येतात, खेळ येतात, हे छडीपेक्षा शतपट बरं. पण माळ्याच्या मर्जीनं सगळी रोपं एका वाफ्यात, एका ओळीत उभी राहतात. ताई तर अस्सल माळ्याची लेक. त्या म्हणत, ‘रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं तं ते काहून म्हनून विचारत नाई. पोट्टं विचारते.’ त्या डॉक्टर बाईंनी मुलांकडे तासन्‌तास पाहिलं आणि निराळंच उत्तर दिलं: मूल स्वतःला स्वतःच घडवत असतं. त्याला कामाची भूक असते. मोठ्यांनी भोवतालची मांडणी नीट करावी आणि वाटेतून बाजूला व्हावं. शिक्षा मुलाला कामापासून ओढून नेते, आणि बक्षीसही तेच करतं.

यातलं शिक्षेचं लोकांना पटायचं. बक्षिसाचं नाही.

मी त्या काळात पत्रकं लिहून वाटत असे. मुलांना मारण्याविरुद्ध एक जहाल पत्रक लिहून मी ताईंना दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून संपूर्ण वाचलं.

‘खरपूस लिवलं, भाऊ. मास्तर हाये, सरकार हाये, तू हायेस. पण याच्यात पोट्टं कोठी हाये?’

आणि त्यांनी मला एका कोपऱ्यात चटईवर बसवलं. ‘बोलू नको. अर्धा दिवस नुसता पाय.’

असं पाहत बसण्याची मला सवय लागली, म्हणूनच पुढची गोष्ट मला सांगता येते.

आबासाहेब दरवर्षी तान्हा पोळा गुदामापुढच्या अंगणात भरवत. त्यांच्या आईनं सुरू केलेली ती रीत. पहिल्या नंबराच्या बैलाला पितळेचा बैल बक्षीस. गावातली मोठी घरं आठ दिवस आधीपासून खपत. गडीमाणसं बैल रंगवत, बायका झुली शिवत आणि मुलाच्या हाती शेवटी फक्त दोरी येई.

अशाच एका तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बालमंदिरातला गणू नावाचा मुलगा आपला बैल घेऊन आला. वय चार. आई जीनमध्ये कामाला. बैल म्हणजे लाकडाचा ठोकळा, त्याला चार पाय आणि एक शिंग. पोळ्याआधी गणू त्याला पाणी पाजल्याशिवाय जेवत नव्हता. त्या दिवशी मात्र त्यानं तो चटयांच्या गठ्ठ्यामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि एकटाच जाऊन बसला.

ताई गुडघ्यांवर बसल्या. ‘गणू, बैल तथी काहून ठुला रे?’

‘तो हारला.’

‘पळाले गेलता?’

‘नाई.’

‘झुंज लागली?’

‘नाई. तो निस्ता उभा होता.’

‘मंग हारला कसा?’

गणूनं खूप विचार केला. ‘मले नाई ठाऊक. पण हारला.’

ताईंनी पुढे काही विचारलं नाही. गणूनं बैल पुन्हा हातात घेईपर्यंत पावसाळा संपला. तेवढे दिवस ताई रोज झाडताना चटयांचा गठ्ठा उचलत, खालची धूळ काढत आणि बैल होता तसाच, भिंतीकडे तोंड करून, परत ठेवत.

पुढच्या वर्षी श्रावण लागला आणि ताई जीनच्या कचेरीत गेल्या. मामांना आबासाहेबांकडे काम होतं, म्हणून मीही तिथे होतो.

‘आबासायेब, औंदा पोळा भरवा. पण माह्या पोट्ट्याच्या अंगनात बक्षीस नोको.’

आबासाहेब दिलदार माणूस. आधी हसले. ‘बाई, बक्षिसाबिगर पोळा? मिठाबिगर पिठलं!’

‘पिठलं गोड लागते का पाहू एक डाव.’

‘हे पाय द्वारकाबाई, पोळा माह्या मायनं सुरू केला. तुमचं पुस्तक मांगून आलं.’

‘आईसायबानं पोळा सुरू केला. बक्षीसही त्याईनंच सुरू केलं काय?’

आबासाहेबांचं हसू मावळलं. बक्षीस त्यांनी स्वतः सुरू केलं होतं, आई गेल्यावर. आई होती तोवर ओळीतल्या प्रत्येक मुलाला बोजारा मिळे. हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मुनीमजी निरोप घेऊन आले. कापसाला जागा कमी पडते आहे. दसऱ्यानंतर गुदाम मोकळं करून द्यावं.

‘बरं,’ ताई म्हणाल्या. ‘दसऱ्यापावतर पोट्टे इथीच येतीन.’

दुसरी जागा नव्हती. भाडं देण्याची ऐपत नव्हती. मजूर बायांची मुलं परत यंत्राजवळ जाणार, हे उघड होतं. आमच्या मामांनी ताईंना समजावलं, ‘एक वर्ष बक्षीस देऊ द्या. गुदाम तर वाचेल!’

‘मामाजी, गुदाम कोनासाठी पायजे? पोट्ट्यासाठी. मंग त्या गुदामासाठी पोट्ट्याईलेच हारवू काय?’

काही पालकांनी मुलं काढून घेतली. एकजण तोंडावर म्हणाला, ‘बक्षीस नाई तं पोट्टं बैल सजवनच कशाले?’ ताईंनी त्यालाही तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. बसा अन् पाहा. तो बसला नाही.

बसला असता, तर मी पाहिलं ते त्यानंही पाहिलं असतं. पोळ्याआधी ताईंनी गुदामात खालच्या फळीवर गेरू, चुना, हळद, चिंध्या, कापूस आणि मळ्यातला झेंडू मांडून ठेवला. घरच्यांनी हात लावायचा नाही, एवढीच अट. मग गुदामात जे काम सुरू झालं, ते मी माझी पत्रकं छापली जात त्या छापखान्यातही पाहिलेलं नाही. कोणी बोलेना. एका मुलीनं बैलाला कापसाची दाढी लावली. मुलींनी पोळ्यात बैल आणण्याची रीत नव्हती. पण रीत कोणी सांगितली नाही, म्हणून त्यांनी आणले. गणूनं आपल्या बैलाला बाभळीच्या काट्याचं दुसरं शिंग बसवलं. ते पडे, तो पुन्हा बसवी.

तान्ह्या पोळ्याला ऊन पडलं होतं. अंगणात ओळ लागली. आबासाहेब फेटा बांधून आले. मागे मुनीमजी, त्यांच्या हातात रुमालाखाली झाकलेली वस्तू. ती काय आहे हे सगळ्यांना कळलं. ताई ओळीच्या टोकाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, ‘आबासायेब, तुमचं अंगन, तुमचा पोळा. एकच करा. काही द्याच्या आंधी हरेक पोट्ट्याले त्याच्या बैलाबद्दल इचारा. मंग तुमच्या मनात येईन ते करा.’

आबासाहेबांनी नाखुशीनं सुरुवात केली. पहिल्याला उभ्यानंच विचारलं, ‘नाव काय याचं?’

‘ढवळ्या. त्याले ताप आला होता. आता बरा हाये.’

दुसरी ती दाढीवाल्या बैलाची. ‘हा म्हतारा हाये. त्याले काम सांगाचं नाई.’

तिसऱ्या मुलाचा बैल एकाच अंगानं रंगवलेला. आबासाहेबांनी वाकून पाहिलं. ‘अबे, हा इकडून कोराच! काहून रे?’

‘तिकडून तो निजून राहिला.’

आबासाहेब असे हसले की फेटा सैल झाला. मग ते उकिडवे बसले आणि तसेच पुढे सरकत गेले. गणूपाशी आले तेव्हा त्याच्या बैलाचं शिंग पडलं. दोघांनी ते मातीत शोधलं.

ओळीत त्यांचा नातू मधू होता. त्याचा बैल सर्वांत मोठा, चाकांचा, मखमली झूल, गळ्यात घुंगुरमाळ. तो वाड्यावरच सजला होता. अट तिथे कोण ऐकणार?

‘वा! मधू, हे तू केलं?’

‘नाई. गड्यानं केलं.’

‘झूल?’

‘काकीनं.’

‘मंग तू काय केलं, बापा?’

सगळं अंगण ऐकत होतं. मधूनं बैलाच्या पोटाखाली हात घातला आणि तिथे बांधलेली एक वाकडीतिकडी सुतळी बाहेर ओढली. तिला कसल्याच उपयोगाच्या नसलेल्या तीन-चार गाठी मारलेल्या होत्या.

‘हे म्या बांधलं,’ तो म्हणाला. ‘कोनी पायलं नाई.’

आबासाहेबांनी ती सुतळी बोटांत धरली. गाठी चाचपत ते म्हणाले, ‘म्या पायलं.’ मधूनं मग त्यांना प्रत्येक गाठ कशी मारली ते सांगितलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

रुमालाखालचा पितळी बैल झाकलेलाच परत गेला. मुनीमजींना आबासाहेबांनी वाड्यावर पिटाळलं, ‘घरात शेव, मुरमुरे, गूळ, काय असन ते आना!’ प्रत्येक हातावर बोजारा पडला. तो ठेवताना त्यांचे डोळे ओले होते. आईची आठवण असेल. मी विचारलं नाही.

निघताना ते ताईंपाशी थांबले. परीक्षा दिलेल्या मुलासारखा चेहरा. ‘मंग बाई? कसं झालं?’

‘तुमाले कसं वाटलं?’

आबासाहेब मामांकडे वळून म्हणाले, ‘पायलं? मलेही शाब्बास म्हनत नाई ही बाई!’ आणि जाता जाता, पाठ फिरवूनच, मुनीमजींना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘कापूस दुसऱ्या शेडात रचू. पुढच्या पावसाच्या आंधी इथले पत्रे बदलून घ्या.’

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. काढलेली मुलं सगळीच परत आली नाहीत. पलीकडच्या गल्लीत त्याच वर्षी बक्षिसाचा मोठा पोळा सुरू झाला, बँड लावून. ताईंना त्याचं कोणी सांगितलं तर त्या म्हणत, ‘बँड चांगला वाजवते काय?’ आणि खरंच उत्तराची वाट पाहत.

दोन वर्षांनी अमरावतीचं बालमंदिर आपल्या हाताखाली तयार झालेल्या बाईंवर सोपवून ताई अकोल्याला गेल्या. तिथे नदीकाठच्या भाजीवाल्यांच्या वस्तीत त्यांनी नवं बालमंदिर सुरू केलं. मी एकदाच तिथे गेलो, सकाळच्या गाडीनं. गुदाम नव्हतं, तुराट्यांचा मांडव होता. कुडाच्या फटीतून मला ताई दिसल्या. समोर अडीच-तीन वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी लोटा धरून माठात पाणी ओतत होती. अर्धं पाणी माठात, अर्धं पायांवर. तिची आजी भाजीची टोपली उतरवून धावली, ‘अवो, सांडते ना!’ ताईंनी मानेनंच तिला थांबवलं. पण ताईंचे हात मला मागून दिसत होते. त्यांनी ते पाठीमागे घेतले होते आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मदत न करणं त्या बाईला इतक्या वर्षांनीही सोपं गेलेलं नव्हतं. मुलीनं शेवटचा थेंब ओतला, लोटा पालथा घातला आणि कोणाकडेही न पाहता स्वतःशीच हसली. तेव्हा कुठे ते मनगट सुटलं. मी आत गेलो नाही. काम चाललं होतं.

वाचकहो, सभा भरवा, ठराव करा, असं मी सांगत नाही. उद्या सकाळी तुमच्या घरातलं एखादं मूल सदऱ्याची गुंडी लावायला किंवा भांड्यात पाणी ओतायला झगडत असेल. तुम्हाला घाई असेल, आणि तुमचा हात आपोआप पुढे जाईल. तो पाठीमागे घ्या, दुसऱ्या हातानं धरून ठेवा, आणि मुलाचं काम मुलाच्याच हातून पुरं होऊ द्या.